माकुलाचा उजेड

कुंदा भोईर उल्हासनगरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. पिशवीतून मासळी घेऊन कॉलेजात येणारी ती एकटीच प्राध्यापिका. चौऱ्याण्णव सालच्या थंडीत तिने कल्याणच्या बाजारातून ताजे माकूल, म्हणजे स्क्विड, आणले, मिठाच्या पाण्यात बुडवून प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवले, आणि दोन दिवसांनी तो ट्रे झाकून थेट शहरातल्या कॅम्प चार वस्तीतल्या टहिलरामच्या फोटो स्टुडिओत नेला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत निम्म्या खिडक्यांना काचा नव्हत्या, तिथे दिवसा काळोख करायचा म्हणजे आकाशाला पडदा लावण्यासारखंच होतं. टहिलरामकडे मात्र फोटो धुवायची खरीखुरी काळी खोली होती.

टहिलराम साठीचा माणूस. पोरवयात आईबापांबरोबर सिंधमधून आलेला, कॅम्पातल्या अर्ध्या लग्नांचे फोटो त्यानेच काढलेले. त्याने ट्रेवरचं फडकं उचललं आणि नाक मुरडलं.

"बेटी, मच्छी? माझ्या डार्करूममध्ये? आमचा सिंधूतला पल्ला मासा आणला असता तर गोष्ट वेगळी होती!"

"दार तर लावा, काका."

दार लागलं. लाल दिवाही विझवला. पहिल्यांदा काहीच दिसेना. मग डोळे सरावले, आणि त्या ट्रेमधले माकूल काळोखातून वर आल्यासारखे दिसू लागले. त्यांच्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी निळसर हिरवा उजेड साचला होता. टहिलराम ट्रेवर वाकला. मग हळूच म्हणाला, "यात बल्ब कुठे आहे?"

बल्ब नव्हता. माकुलाच्या कातडीवर जगणारे बारीक जिवाणू होते, आणि ते धडधाकट असले की उजेड देतात, एवढीच गोष्ट होती. पण त्यांच्या पाण्यात विष पडलं तर मरायच्या आधी त्यांचा उजेड विझतो. कुंदाचे विभागप्रमुख, चिंतामणी रेगे सर, यांनी गोव्यातल्या एका परिषदेत हे ऐकलं होतं. परदेशात कुठे कुठे लोक म्हणे असाच उजेड बघून पाणी आणि खाण्याच्या वस्तू तपासायला लागले होते. ज्या वस्तूचा संशय आहे तिचा अर्क नळीत घालायचा आणि उजेड टिकतो की विझतो ते बघायचं. कुंदाला ही कल्पना इतकी आवडली की तिने माकुलावरून एक ठिपका उचलला, खारट रश्शात वाढवला, आणि महिनाभरात तिच्या बाटल्या हलवल्या की चांदण्यासारख्या पेटायला लागल्या.

मुलांना दाखवायला तिने त्याच काळ्या खोलीत नळ्या मांडल्या. एकीत नुसतं मिठाचं पाणी, एकीत उंदराचं औषध, एकीत रंग धुतलेलं पाणी. औषधाची नळी विझली, रंगाची विझली. आता एखादी निरुपद्रवी वस्तूही हवी, म्हणून तिने पिशवीतली पालकाची जुडी काढली. ती जुडी नवसीची होती.

नवसी ठाकरीण. बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीवरची. ती आणि तिचा नवरा बारकू कॅम्प चारच्या मागे, नाल्याच्या काठी खोपटं घालून राहत होते, आणि त्या काठावरच्या चिंचोळ्या पट्टीत पालक, माठ, मुळा पिकवत होते. कॉलेज सुटल्यावर कुळगावला घरी जाताना कुंदा रोज वाटेवर टोपली घेऊन बसलेल्या तिच्याकडून भाजी घ्यायची. नवसीही टोपलीच्या तळातून तिच्यासाठी ठेवलेली जुडी काढायची. "बाई, ही घ्या, कवळी हाय." कुंदा लग्न न करता भावाकडे राहायची. तिचा भाऊ कोंडाजी, वहिनी, भावाची लहान मुलगी, सगळ्यांच्या पानात वर्षानुवर्षं हीच भाजी पडत होती.

पालकाचा रस नळीत पडला, आणि बघता बघता तिथला उजेड मंदावला, मग गेला. रंगाच्या पाण्यासारखाच गेला.

रेगे सर सावध माणूस. ते म्हणाले, "कुंदा, रस हिरवा आहे. उजेड विझला नाही, झाकला गेलाय. घाई करू नकोस."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. दुसऱ्या दिवशी कुंदाने कोंडाजीच्या शेतातल्या विहिरीवर यंदाच लावलेला पालक आणला, तेवढाच वाटला, तेवढाच गाळला. रंग तोच, गडद हिरवा. तो रस पडलेली नळी थोडी मळकी झाली, पण जळत राहिली. शेजारी नवसीच्या पालकाची नळी काळीठिक्कर. तिने माठ घेतला, मुळ्याचा पाला घेतला. फिरून फिरून तेच. चौथ्या खेपेला रेगे सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

कुंदा तडक नाल्यावर गेली. इतकी वर्षं भाजी घेतली होती, पण ती उगवते कुठे हे कधी जाऊन पाहिलं नव्हतं. नवसी घागरीने वाफ्यांना पाणी घालत होती. नाला त्या दिवशी जांभळा होता.

"नवसे, हे पाणी असंच असतं?"

"नाय वो. काल हिरवा व्हता. परवा लाल." नवसीने पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. "वर रंगाचा कारखाना हाय ना, धा मिन्टांवर, त्याचा पाइप नाल्यात सोडलाय. ते ज्या रंगाचा माल काढतील, त्या रंगाचा पानी."

बारकू पाण्यातून वर आला. त्याच्या दोन्ही पोटऱ्यांवर खवले धरल्यासारखी कातडी झाली होती. त्याने कुंदाची नजर पाहिली आणि पाय धोतराखाली ओढून घेतले. कुंदाला भाजीचं सांगायचं होतं, पण ती नवसीच्या वाफ्यांकडेच बघत राहिली. आधी अधिकाऱ्यांना सांगू, ते पाइप बंद करतील, मग हिला सांगायची पाळीच येणार नाही, असं तिने स्वतःला समजावलं आणि ती परत फिरली. जाताना जुडी मात्र घेतली नाही. नवसीने हाक मारली, "बाई, आज भाजी नको?" कुंदाने नुसती मान हलवली.

रेगे सर म्हणाले, "थांब. हा उजेड विष आहे एवढं सांगतो, त्याचं नाव सांगत नाही. मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत नमुने देऊ, नीट लिहू, मग बोलू."

"तोवर लोक खात राहतील, सर."

"माझं नाव मात्र घालू नकोस," रेगे म्हणाले, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन खिडकीबाहेर बघू लागले.

शहराच्या आरोग्य खात्याचे अधिकारी निफाडकर हे हसतमुख गृहस्थ. ते स्वतः टहिलरामच्या स्टुडिओत आले, काळ्या खोलीत शिरले, नळ्या पाहिल्या आणि लहान मुलासारखे हरखले. "वा! निसर्गाची किमया बघा! म्हणजे ही विझलेली, हीच ती भाजी ना? शंभर टक्के?"

"हो. पण साहेब, भाजीचा दोष नाही. पाणी वरून येतं. कारखान्याच्या पाइपापाशी जायला हवं."

"बघतो ना. सगळं बघतो."

टहिलरामने नळ्यांच्याच उजेडावर, तासन्‌तास फिल्म ठेवून एक फोटो काढला होता. डावीकडच्या नळ्या स्वच्छ पांढऱ्या, उजवीकडे नुसते काळे खळगे. निफाडकरांनी तो मागून घेतला. कुंदाने आनंदाने दिला. परतताना तिला वाटलं, सरकारी माणसं सगळीच काही तशी नसतात.

त्याच आठवड्यात ती वर्गावर असताना एक मुलगा सांगत आला, की नाल्यावर जेसीबी आलाय. कुंदा खडू हातात तसाच घेऊन धावत सुटली.

तिथे यंत्राच्या लोखंडी जबड्याने वाफे उपसले जात होते. नवसीचं खोपटं एका अंगाला कलंडलं होतं. तिच्या टोपल्या नाल्यात फेकल्या होत्या आणि जुड्या पाण्यावर तरंगत चालल्या होत्या. निफाडकर स्वच्छ पांढऱ्या बुशशर्टात पत्रकारांना तो फोटो दाखवत होते. "ही वैज्ञानिक चाचणी आहे. शास्त्रशुद्ध. आजपासून ही भाजी बंद. विषारी भाजी विकणाऱ्यांची आम्ही गय करणार नाही." मग त्यांना कुंदा दिसली. "आणि या आमच्या मॅडम! यांचंच हे संशोधन."

नवसी वळली. तिच्या मुठीत मुळासकट उपटलेला पालक होता.

"बाई, तुमी सांगितला?"

कुंदा पुढे झाली. "मी पाइपाचं सांगितलं होतं गं. मी पाण्याचं..."

"तुमी सांगितला," नवसी म्हणाली. तो प्रश्न नव्हता. "काल-परवापून भाजी घेत नाय, तवाच मला वाटला. मला बोलला असता तर मीच नसता इकला. मी काय लोकांना मारायला बसलेय?"

कुंदा निफाडकरांसमोर जाऊन उभी राहिली. संतापाने तिचा आवाज फाटला. "साहेब, पाइप वर आहे! इथून दहा मिनिटांवर! तुमचा हा जेसीबी तिकडे का जात नाही?"

"मॅडम, टप्प्याटप्प्याने," निफाडकर हसत म्हणाले. "आधी लोकांच्या तोंडात जाणारं थांबवायला नको का?" आणि ते गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. 'विषारी भाजीचा धंदा उद्ध्वस्त.' धंदा! कुंदाने तो पेपर चुरगाळून टाकला, पुन्हा उचलला, सरळ केला, आणि परत वाचला. त्या बातमीत कारखान्याचं नाव तर सोडाच, नाल्याला रंग का येतो हेसुद्धा नव्हतं. जणू नवसीनेच घागरीत रंग कालवला होता.

ती प्लास्टिकचे कॅन घेऊन पुन्हा नाल्यावर गेली. नवसी तिच्याशी बोलली नाही. बारकू उठला. "चला, पाइपाचा तोंड दाखवतो," एवढंच म्हणाला. काटेरी झुडपांतून वर गेलं की कारखान्याच्या भिंतीखालून एक जाडजूड पाइप नाल्यात उतरत होता, आणि त्यातून वाफाळतं पाणी पडत होतं. बारकूने पाण्यात पाय घालून कॅन भरले. कुंदा म्हणाली, "अहो, पाय नका घालू." तो तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं कोण म्हणालं होतं?

रेगे सरांनी या खेपेला कुणी न सांगता मदत केली. पाण्यातला आंबटपणाच जिवाणूंना मारतो असं कुणी म्हणू नये, म्हणून सोडा घालून ते सारखं करून घेतलं. पाइपाच्या पाण्याचे थेंब नळीत पडले आणि उजेड फुंकर मारल्यासारखा गेला. नाल्याच्या वरच्या अंगाला, पाइपाच्या पलीकडे, जिथे पाणी अजून पाण्यासारखं दिसतं, तिथल्या नमुन्याने मात्र काहीच झालं नाही. ती नळी संध्याकाळपर्यंत जळत होती. याहून स्पष्ट काय असतं?

टहिलरामने पुन्हा फोटो काढला. कुंदा तो घेऊन निफाडकरांच्या ऑफिसात गेली. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"मॅडम, ही चाचणी मान्यताप्राप्त नाही."

कुंदाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मागच्या आठवड्यात तुम्हीच पेपरवाल्यांना..."

"ती प्राथमिक कारवाई होती. इथे प्रश्न उद्योगाचा आहे. उद्या ते कोर्टात गेले तर मी काय दाखवू? माशावरचे किडे? कुठलं विष आहे ते सांगता येतं का तुम्हाला? किती आहे?"

"भाजीचं तरी कुठे सांगता आलं होतं?" कुंदा उभी राहिली. "तेव्हा नाही विचारलंत! तेव्हा हेच किडे शास्त्रशुद्ध होते! हाच उजेड, हीच नळी, हाच फोटोवाला. नवसीची भाजी असली की शंभर टक्के, आणि कारखान्याचं पाणी असलं की मासळी?"

"आवाज खाली करा."

"नाही करत."

शेवटी शिपायाने तिला बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, की या भानगडीत कॉलेजचं नाव आणि कॉलेजची जागा वापरायची नाही. ती चरफडत बाहेर आली, तर रेगे सर जिन्यात एक थर्मास घेऊन उभे. "यात वाढवलेले जिवाणू आहेत," ते खाली बघत म्हणाले. "टहिलरामकडे ठेव. संपले की सांग." आणि कुणी बघायच्या आत निघून गेले.

कुंदाने मग एक केलं. नाल्याकाठच्या भाजीवाल्यांच्या वतीने ओळखीच्या वकिलाकडून निफाडकरांना विचारलं, की चाचणी मान्य नाही, तर या लोकांचे वाफे कशाच्या आधारावर उपसले? आणि चाचणी मान्य आहे, तर पाइप का चालू आहे? तिला वाटलं होतं, आता साहेब पेचात सापडले, आता त्यांना खरं बोलावंच लागेल.

निफाडकर पेचातून सहज सुटले. महिन्याभराने त्यांनी आदेश काढला. सदर चाचणी ग्राह्य नसल्यामुळे भाजीपाल्यावरची बंदी उठवण्यात येत आहे, सदर भाजी खाण्यास योग्य आहे. तो आदेश सूचनाफलकावर लागला, पेपरातही आला.

कुंदा फलकासमोर उभी राहून ते वाचत होती. कारखाना वाचवायला या माणसाने अख्ख्या शहराला विष वाढून ठेवलं होतं, आणि वर त्याच्यावर सही-शिक्का मारला होता. तिला रडू यायला हवं होतं, पण रागाने डोळे इतके तापले होते की एक टिपूस आलं नाही.

त्या संध्याकाळी ती स्टुडिओत सुन्न बसली होती. टहिलरामची बायको ईश्वरीबाई चहा ठेवून गेली. इतक्यात दारात नवसी आली. डोक्यावर टोपली. जेसीबीने सोडलेल्या कडेच्या वाफ्यांतला पालक पुन्हा फुटून आला होता, तोच तिने खुडून आणला होता. टोपली खाली ठेवून ती दारातच उभी राहिली.

"सायेब बोलतो भाजी चांगली हाय. तुमी बोलता वाईट हाय. मी कोनाचा ऐकू?"

"नवसे, माझं ऐक. मी..."

"ऐकायचा नाय. मला दाखवा."

कुंदा उठली. विद्यार्थ्यांना दाखवलं होतं, टहिलरामला दाखवलं, निफाडकरांना तर पायघड्या घालून दाखवलं. जिची भाजी होती तिला दाखवायचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

ती नवसीला काळ्या खोलीत घेऊन गेली. ईश्वरीबाईही मागोमाग शिरली. नळ्या हलवल्यावर निळा उजेड उठला, तशी नवसी म्हणाली, "काजवा." मग तिने स्वतः आपल्या पालकाची पानं खलात चेचली. कुंदाने सांगितलं तसा स्वतःच्या हाताने रस नळीत सोडला, आणि कोंडाजीच्या विहिरीवरच्या पालकाचा शेजारच्या नळीत. आणि बघत राहिली. तिचा काजवा तिच्या डोळ्यांदेखत विझला. दुसरा नाही विझला.

नवसीने विझलेली नळी हलवून पाहिली, उजेड आला नाही.

"आमी पन हीच खाल्ली," नवसी म्हणाली. "बारकूचा पाय..." तिने नळी खाली ठेवली. मग दार ढकलून बाहेर आली. उजेडात तिचा चेहरा बघून टहिलराम उठूनच उभा राहिला. "ही भाजी मी इकनार नाय. पन फेकनार पन नाय. सायबानी छापलाय ना चांगली हाय? मग सायबाला देते. त्यानी खावी."

ईश्वरीबाई इतका वेळ गप्प होती. तिने पदर खोचला आणि टोपलीत हात घातला. "कच्ची कशी खाईल साहेब? मी सिंधी साई भाजी बनवते. चुका आहे घरात, डाळ आहे. अच्छी गाढी बनवते."

ही बातमी कॅम्प चारमध्ये कशी पसरली ते कुंदाला कळलं नाही, पण सकाळी स्टुडिओसमोर बायका जमल्या. कुणी सिंधी, कुणी मराठी, कुणाच्या हातात कालच घेतलेल्या जुड्या. सगळ्यांना बघायचं होतं. टहिलरामने गिऱ्हाईकं परत पाठवली आणि दारात उभा राहून चार-चार जणींना आत सोडत राहिला. बाहेर येणारी प्रत्येक बाई आत गेली होती तशी बाहेर येत नव्हती. एकीने हातातली जुडी रस्त्यावर आपटली. ईश्वरीबाई म्हणाली, "फेकू नको. साथ में ले चल."

निफाडकर टेबलाशी फाइल वाचत होते. इतक्या बायका एकदम आत घुसल्यावर ते उठले. ईश्वरीबाईने स्टीलचा डबा उघडला. पालक, चुका, डाळ, वर लसणाची फोडणी. वाफेबरोबर खमंग वास सगळ्या ऑफिसात पसरला. तिने ताट वाढलं, चपाती ठेवली, आणि त्यांच्याच आदेशाच्या कागदावर ते ताट मांडलं.

"साहब, खाओ. गरम आहे."

"हा काय प्रकार आहे?"

नवसी पुढे झाली. "माझीच भाजी हाय, सायेब. नाल्यावरची. चांगली हाय असा तुमीच छापला. मग खावा की."

निफाडकरांनी ताटाकडे पाहिलं. मग हसायचा प्रयत्न केला. "आज माझा उपास आहे. गुरुवार."

"साहेब, आज बुधवार," कोपऱ्यातल्या टेबलावरचा कारकून सवयीने बोलून गेला, आणि लगेच त्याने मान खाली घातली.

बायका हसल्या. ईश्वरीबाईने ताट त्यांच्या पुढे सरकवलं. निफाडकरांनी घास तोडला. भाजीत बुडवला. त्यांचा हात ताटावरच थांबला. सगळ्या बायका त्या हाताकडे बघत होत्या. त्यांनी घास परत ताटात ठेवला आणि रुमालाने बोटं पुसली, एकेक बोट, नीट.

"आमच्या पोरांनी खाल्ली," मागून कुणीतरी म्हणालं.

कुंदा म्हणाली, "साहेब, तुम्ही माझी चाचणी मानत नाही ना? मग एक घास खायला काय हरकत होती?"

निफाडकर कुणाकडेच बघत नव्हते. "हे सगळं कायद्यात बसत नाही," ते पुटपुटले.

बायका दुसऱ्या दिवशीही डबा घेऊन गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. ज्या पेपराने नवसीला विषारी ठरवलं होतं त्यानेच आता न खाल्लेल्या ताटाचा फोटो छापला. तोही टहिलरामनेच, बायकांबरोबर जाऊन काढला होता. मग मात्र मुंबईहून पथक आलं. त्यांनी पाइपाचं पाणी, वाफ्यातली माती, भाजी, सगळं बाटल्यांत भरून नेलं. मोठ्या यंत्रावर तपासलं. काय काय निघालं त्याची नावं अहवालात आली. उजेडाने जे आधीच सांगितलं होतं, तेच.

अहवालावर बैठक झाली. कुंदा आणि नवसी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. निर्णय वाचून दाखवला गेला. कारखान्याने पाणी शुद्ध करायची टाकी बांधावी, त्यासाठी एक वर्षाची मुदत, तोवर उत्पादन चालू ठेवण्यास हरकत नाही. नाल्याकाठची भाजी मात्र आजपासून कायमची बंद. पर्यायी जागेची तरतूद नाही.

कुंदा ताडकन उठली. "त्यांना एक वर्ष? आणि यांना? यांच्या खोपटावर जेसीबी घातला तेव्हा भांडी बाहेर काढायलासुद्धा वेळ दिला नव्हता!"

"मॅडम, तिथे चारशे माणसं कामाला आहेत," निफाडकर म्हणाले.

"आणि ही काय माणसं नाहीत?"

अध्यक्षांनी पुढचा विषय घ्या म्हणून खूण केली. पुढचा विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा होता. नवसीने कुंदाचा हात धरून तिला खाली बसवलं नाही, उलट तीही उभी राहिली, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. शिपाई आला तेव्हाच निघाल्या.

नवसी-बारकूला जमीन कसायला द्यावी म्हणून कुंदाने घरी येऊन कोंडाजीशी भांडण काढलं. बेलवलीला त्यांचं ते विहिरीचं शेत होतं, आणि कोंडाजीचं ते एका बिल्डरला द्यायचं चाललं होतं. "दिवाळीपर्यंत सौदा होईल, तोवर कसू दे हवं तर," कोंडाजी शेवटी म्हणाला. "पण कागद नाही, काही नाही. आणि उठ म्हटलं की उठायचं." कुंदाला त्या बोलण्यात निफाडकरांचाच सूर ऐकू आला. ती म्हणाली, "वडलांच्या जमिनीत माझाही वाटा आहे. मी सही करणार नाही, मग बघू दिवाळीत कोण उठतं." बहिणीने असं काही म्हणण्याची कोंडाजीला सवय नव्हती. त्याने पुष्कळ आरडाओरडा केला, पण कुंदा ऐकून घेत बसली नाही.

उन्हाळा लागायच्या आत बारकू आणि नवसीने तिथे वाफे पाडले. बारकूच्या पोटऱ्यांवरची कातडी बरी व्हायला वेळ लागणार होता. ती पूर्ण बरी होईल असं डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं. नाल्याचं पाणी अजूनही कधी लाल, कधी हिरवं येत होतं. टाकीचा पाया तेवढा खणला गेला होता. निफाडकरांची बढती होऊन बदली झाली, हे कुंदाला पेपरातूनच कळलं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

एका रविवारी ती शेतावर गेली, तेव्हा नवसी बांधावर बसून मेथीचं बी निवडत होती. कुंदा शेजारी बसली. बऱ्याच दिवसांपासून बोलायचं होतं ते तिने बोलून टाकलं. "नवसे, तेव्हा मी आधी तुझ्याकडे यायला हवं होतं."

नवसीने बी निवडणं थांबवलं नाही.

"व्हय, यायला पायजे व्हता," ती म्हणाली. "मी मानूस हाय का नाय, ते त्या कारखान्यावाल्यांना कळला नाय, त्या सायबाला कळला नाय. पन तुमाला तरी कळायला पायजे व्हता, बाई. रोज माझ्याकडनं घेत व्हत्या."

कुंदाने बांधावर उडालेलं थोडं बी गोळा करून नवसीच्या सुपात टाकलं.

"पुढच्या येळेला कायपन कळला," नवसी म्हणाली, "तर पयला मला सांगायचा. सायबाला मागून."

"हो," कुंदा म्हणाली.

"मग धरा सूप," नवसी म्हणाली आणि अर्धं बी तिच्याकडे सरकवलं.